रुखवतातली चित्रकार

माझ्या चुलतबहिणीला चित्र काढता येत नाही. हे वाक्य मी आमच्या घराण्यात बऱ्याचदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आहे. कुणी विश्वास ठेवत नाही. उलट माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की बिचारीचा अजून जळफळाट होतो वाटतं. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

ती माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी. तेवढ्या भांडवलावर तिनं मला जन्मभर 'ताई' म्हणायला लावलं. आम्ही दोघी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एकाच घरात वाढलो. घराणं मूळचं भिक्षुकांचं, पुढं कारकुनांचं झालेलं. त्यामुळं घरात दोनच गोष्टींना मान होता, मंत्र न चुकता म्हणणं आणि अर्ज न चुकता लिहिणं. मी शाळेत असताना इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि दुसरीत चांगली श्रेणी मिळवली, तेव्हा माझे वडील म्हणाले, "बरं झालं, अक्षर तरी सुधारेल." अक्षर काही सुधारलं नाही.

ताईला झाडांचं वेड होतं. तिनं वाळकी काठी मातीत खोचली तरी तिला पालवी फुटायची. माझ्या हातून सदाफुलीसुद्धा मेली आहे, आणि सदाफुली मारायला अंगात कसब लागतं. सुट्टीच्या दिवशी ती अंगणात खुरपं घेऊन बसायची आणि मी कागद घेऊन. ती जे लावायची ते मी काढायची. जास्वंद, तगर, कण्हेर, गुलबक्षी. एकमेकींच्या कामात आम्ही कधी लुडबुड केली नाही. तिला माझ्या चित्रात गम्य नव्हतं आणि मला तिच्या खतात. अशा दोघींचं चांगलं जमतं.

मग तिचं लग्न ठरलं. स्थळ कन्नडचं होतं, आमच्यातलंच पण जमीनवालं. कारखान्याला जाणारा ऊस, देवगाव रंगारीच्या वाटेवर मोसंबीची बाग, घरात माणसांचा राबता. काकूनं, म्हणजे ताईच्या आईनं, रुखवत असं मांडायचं ठरवलं की कन्नडवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

रुखवत म्हणजे मुलीच्या अंगचे गुण सासरच्यांना दिसावेत म्हणून मांडलेलं प्रदर्शन, आणि त्याला मुलीचा हात सोडून बाकी सगळ्यांचे हात लागलेले असतात. ताईच्या रुखवतातले रव्याचे लाडू माझ्या आईचे होते, क्रोशाचे रुमाल शेजारणीचे होते, काड्यापेटीच्या काड्यांचं 'सुस्वागतम' कुणा भाऊजींनी केलं होतं आणि मण्यांचा हंस तर आधीच बरीच लग्नं हिंडून आलेला होता. हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं. बघणारे म्हणतात, मुलगी गुणाची आहे हो. दाखवणारे म्हणतात, आहे खरी. आणि सगळे जेवायला बसतात.

मांडणी झाल्यावर मागची भिंत रिकामी दिसायला लागली, म्हणून काकूनं माझी फुलांची चित्रं मागून नेली. "लग्न झालं की परत घे," म्हणाली. सकाळी जाऊन बघते तो सगळ्या चित्रांना फ्रेमा, आणि खाली पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात, 'वधूने स्वहस्ते काढलेली चित्रे'. कोपऱ्यातली माझी सही प्रत्येक ठिकाणी फ्रेमच्या पट्टीखाली बरोबर झाकलेली. माझ्या काकूला आयुष्यात कुठलीही गोष्ट सरळ मापात कापता आली नव्हती. ही मात्र बिनचूक कापली होती.

मी तिला बाजूला घेतलं. काकू म्हणाली, "अगं, घरातल्या घरात काय तुझं-माझं? तुझ्या लग्नात आपण हिची लावू."

"हिला काढता येत नाहीत, काकू."

"मग झाडं मांडू. जा, पेढे फिरव."

मी पेढ्यांचं ताट घेऊन तिथंच उभी होते तेव्हा ताईचे सासरे आले. उंच, पांढरंशुभ्र धोतर, घराणं आमच्यातलंच असलं तरी बोलणं पार शिवारातलं झालेलं. लाडवांकडे त्यांनी बघितलं नाही, हंसाकडे बघितलं नाही. चित्रांपुढं येऊन थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही सूनबाईंनी काढली?"

"लहानपणापासूनच हात आहे तिचा," काकू म्हणाली.

"लई भारी," ते म्हणाले. आणि पहिल्या चित्रापासून परत बघायला लागले.

रुखवत खरं मानणारा माणूस आमच्या घराण्यानं तोवर पाहिला नव्हता. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं याची आमच्यात कुणाची तयारीच नव्हती. चित्रं नवरीबरोबर कन्नडला गेली. मला परत मिळाला तो फक्त मण्यांचा हंस, कारण पुढचं लग्न माझं होतं.

माझ्या रुखवतात झाडं मांडली गेली नाहीत, हे सांगायला नकोच.

कन्नडहून शहरात काही धाडायचं तर एसटीच्या ड्रायव्हरकडं डबा द्यायचा, ही तेव्हाची पद्धत. शिकायला राहिलेल्यांची जेवणं अशीच यायची. माझं लग्न होऊन मी पुंडलिकनगरला राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत ताईचा पहिला डबा आला. वर शेंगदाण्याची चटणी आणि तळाशी चिठ्ठी. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मामांनी तिला माडीवरची खोली दिली होती, चित्रं काढायला. खोलीला आतून कडी होती. आता काय करू, असं तिनं विचारलं होतं.

मी रिकाम्या डब्यातून उत्तर पाठवलं, खरं सांगून टाक.

तिचं उत्तर दुसऱ्या डब्यात आलं, "कडी जाईल."

हे पटायला तिचं घर बघायला हवं. सासू, जावा, नणंदा, दीर, येणारे-जाणारे. त्या घरात सुनेला आतून कडी लावून बसायला न्हाणीघर सोडलं तर जागा नव्हती. आणि ताईला दुपारची जेवणं झाली की माडीवर जायची मुभा मिळाली होती. खाली सासरे सगळ्यांना दटावायचे, "हळू बोला रे, सूनबाई चित्र काढतात." वर सूनबाई डोक्याखाली उशी घेऊन चहाच्या वेळेपर्यंत घोरायच्या. दुपारी दार लावून झोपणारी सून त्या घरात तिच्याआधी झाली नव्हती. त्या झोपेसाठी माणूस खोटं बोलेल, हे मला लगेच पटलं.

मी तयार झाले त्याला मात्र दुसरं कारण होतं. माझ्या चित्रांची कुणी वाट बघतंय, हे मला आवडलं. आमच्या घरी माझ्या चित्राचा शेवटचा उपयोग ह्यांनी केला होता, दाढीची वाटी ठेवायला.

तर असं ठरलं. ताई एखादी फांदी, फूल, कधी नुसतं पान ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालायची. मी ते समोर ठेवून चित्र काढायची आणि धुतलेल्या डब्यात गुंडाळी करून परत पाठवायची. सही करायची नाही, एवढी एकच अट. बदल्यात तिच्याकडून रोपं यायची, डालड्याच्या डब्यात, बुडाला भोकं पाडून, सोबत शेणखताची पिशवी. पुंडलिकनगर तेव्हा नवं होतं. सगळीकडं मुरूम, अर्धी घरं आणि लोखंडाच्या सळ्या. अशा ठिकाणी ज्याच्या दारात चार झाडं तो सुसंस्कृत, अशी समजूत असते. माझ्या दारात ताईचा मोगरा, ताईची शेवंती आणि ताईचा कृष्णकमळाचा वेल फोफावला. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "तुमच्या हाताला गुण आहे बाई." मी गप्प राहायची. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

गंमत अशी की ताईच्या घरी तिच्या बागकामाचं कुणाला काही नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात झाड लावणं म्हणजे काय, ते तर गडीमाणसंही लावतात. तिनं परसात फुलवलेल्या गुलाबांसमोरून लोक माझं गुलाबाचं चित्र बघायला आत जायचे.

डब्यातून घरच्या बातम्याही यायच्या-जायच्या. ताईला चित्र येत नसलं तरी माणूस दोन ओळीत उभा करता यायचा. "मधल्या आत्या इथं आल्या आहेत. मरायला टेकले म्हणतात. काल पुरणपोळ्या कमी पडल्या." किंवा, "धाकट्या जावेला मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, असू दे, आणि बारशाची जिलबी रद्द केली." मी तिला शहरातल्या कळवायची. कुणी सिडकोत फ्लॅट घेतला, कुणाच्या जावयानं नोकरी सोडून प्लॉट विकायचा धंदा काढला आणि आता सगळ्या नात्याला तो एकच विषय उरला. आमच्या ज्या काकांना शेंद्र्याकडं कुत्रं फिरकत नाही असं वाटायचं, तेच आता एमआयडीसी झालेल्या तिथल्या माळाकडं बघून उसासे टाकायचे. घेतला असता तर, घेतला असता तर. दिवाळीचा फराळ संपायचा पण हे संपायचं नाही.

फुलं-पानं ठीक होती. पुढं मामांच्या मागण्या वाढल्या. पोळ्याला त्यांनी सुनेला आपला बैल काढायला सांगितला. बैल डब्यात येईना. ताईनं वर्णन पाठवलं, शिंगं आत वळलेली, वशिंड मोठं, कपाळावर चांद. मी आमच्या कॉलनीत कचरा खात हिंडणाऱ्या एका मोकाट बैलाला समोर धरून, त्याला मनानं खाऊपिऊ घालून, चित्र पुरं केलं. ताईनं लिहिलं, मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, हा आपला नाय. ती चित्र परत घ्यायला पुढं झाली. मग ते म्हणाले, "सूनबाईंनी त्याला तरणा केलाय. पाच वर्षांमागं असाच होता." म्हणजे चित्र चुकलं तरी ती तिची कला. माझं काही चुकलं तरी त्यात मला जागा नव्हती, आणि बरोबर आलं तरी नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर राग आला. मी तिला लिहिलं, एकदा तरी त्यांना सांग. ती म्हणाली, सांगते, योग्य वेळ येऊ दे. आमच्या घराण्यात योग्य वेळ बहुतेक माणूस गेल्यावर येते.

त्यानंतर पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. शहर मात्र वाढतच होतं. ज्या शहराला प्यायला पाणी नव्हतं तिथं रोज नव्या पायाला पाणी मारत होते. जायकवाडीचं पाणी नळाला कधी येईल याचा नेम राहिला नाही आणि टँकरपुढं कळश्यांची रांग लागायला लागली. तिथं बायकांची खरी ओळख पटते. ज्यांच्याकडं हळदीकुंकवाला गेलो त्यांनीच माझी घागर पायानं मागं सरकवली. टँकरवाल्या चाचांना मी एकदा म्हटलं, झाडांना बादलीभर जास्त द्या. ते म्हणाले, "झाडांकू नक्को बाजी, लोगां पीने कू तरसरे." बरोबरच होतं. मोगरा गेला, शेवंती गेली, वेलाची सुतळी झाली. बायका म्हणाल्या, तुमच्यासारखीची बाग गेली, मग आमचं काय. मृत बागेवरही माझी कीर्ती टिकून होती.

तेव्हा ताईचा डबा आला. आत चटणी नव्हती, नुसती चिठ्ठी. "मोसंबीच्या विहिरीला तळ लागला. मामा बाग तोडणार आहेत. तोडायच्या आधी मी ती काढून ठेवावी म्हणतात. बाग डब्यात मावत नाही. तू ये."

मी रंगाची पेटी साड्यांखाली दडवून एसटीत बसले. वेरूळच्या पुढं दोन्ही बाजूंनी जमीन नुसती राखाडी पडलेली होती. कन्नडच्या घरात शिरले आणि बैठकीत थबकले. अख्खी भिंत माझी होती. रुखवतातली फुलं, डब्यातून आलेली पानं, पेरूची फांदी, बैल, सगळी फ्रेम करून, कारखान्याच्या कॅलेंडरच्या दोन्ही अंगांनी. इतकी चित्रं मी काढली आहेत हे मलाच माहीत नव्हतं. माझं प्रदर्शन भरलं होतं आणि मी पाहुणी होते.

मामांनी स्वतः मला ते दाखवलं. "ही रेघ बघा. एका दमात मारलीय, कुठं थांबली नाय. ह्याला हात लागतो. आणि हा रंग बघा, फुलाच्या आत गेल्यावर कसा काळवंडलाय. तुम्हाला नाय कळायचं लगेच. बघत राहायचं, मग कळतं."

त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं. माझ्या चित्रांबद्दल इतकं बरोबर मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मला रडू आलं आणि त्यांना वाटलं, मी सुनेच्या कलेनं भारावले.

"तुम्ही पन काढता का काही?" त्यांनी विचारलं.

"थोडंफार."

"मग शिका सूनबाईंकडून. बहीणच हाय तुमची."

ताई चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आमचा बेत असा होता की ताईबरोबर मी बाग बघायला जायचं, मनात साठवायची, आणि माडीवर कडी लावून काढायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जीपमध्ये आधीच बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. मागं एक खुर्ची बांधलेली. "मी झाडाखाली बसतो," ते म्हणाले. "मला आन् झाडाला संगं काढा. पयलं लावलेलं झाड हाय माझं."

"मामा, मला खोलीत..." ताई म्हणाली.

"आज नाय, सूनबाई. उद्या तोडायला माणसं येतायत. आज माझ्यासमोर काढा. एवढं ऐका माझं."

जीपमध्ये ताई माझी रंगाची पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मी तिचा हात धरला नाही. मला, खरं सांगायचं तर, आनंद होत होता. आज कडीही नव्हती आणि डबाही नव्हता. आज त्यांना कळणार होतं.

बाग बघून तो आनंद जरा ओसरला. ओळीनं उभी झाडं, एकालाही पान नाही, साली तडकलेल्या, फांद्यांची टोकं काळी. मामांनी पहिल्या झाडाखाली खुर्ची ठेवली, बसले, फेटा नीट केला. ताईच्या हातात कागद आणि पेन्सिल. ती उभी राहिली. मग तिनं कागद खाली ठेवला.

"मामा, मला चित्र काढता येत नाही. कधीच आलं नाही. घरातली सगळी चित्रं हिनं काढलीत. रुखवतातलीसुद्धा."

ती रडत नव्हती. सरळ बोलली. मी तिची इतकी वर्षांची बहीण, पण तिच्यात एवढं धाडस असेल असं मला वाटलं नव्हतं. कडी गेली, खोली गेली, दुपारची झोप गेली, आता घरातल्या जावा आयुष्यभर बोलणार, हे सगळं तिला माहीत होतं आणि तरी ती बोलली. माझी मान ताठ झाली. इतकी वर्षं जे वाक्य ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं.

मामांनी तिच्याकडं बघितलं, खाली ठेवलेल्या कागदाकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा निवळला.

"काय मन हाय," ते मला म्हणाले. "बघा तुमची बहीण. पाहुनी रिकाम्या हातानं आलीय, तिला मान मिळावा म्हनून स्वतःचं सगळं उचलून द्यायला निघाली."

"मामा, खरंच सांगते..."

"व्हय व्हय, कळलं मला. काढा हो बाई तुम्ही. सूनबाईंची इच्छा हाय तर काढा."

मग बरोबर आणलेलं प्यायचं पाणी रंगात संपवत मी काढलं. रागानं काढलं. आता यांना दाखवतेच, असं म्हणत काढलं. तडकलेल्या सालीची एकेक भेग, फांद्यांची काळी टोकं, मागं विहिरीचा कोरडा कठडा, मामांच्या मानेच्या शिरा, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित लहान, मांडीवर ठेवलेले हात जे नांगरावरून काढून कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तरी ते हलले नाहीत. मीही थांबले नाही. आयुष्यात मी इतकं चांगलं चित्र काढलं नव्हतं, नंतरही काढलं नाही. काढत असतानाच मला ते समजत होतं.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मी वाट बघत होते. आता रेघ ओळखतील, आता भिंतीवरचा हात आणि हा हात एकच आहे हे त्यांना दिसेल. त्यांच्याइतकं माझ्या चित्रांकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. शाळेतले गुरुजी पास झालेल्याला म्हणतात तसं. "पन बाई, हे तर वाळलेलं झाड हाय."

"मामा, वाळलंय ते."

"ते मला दिसतंय की. उद्या तोडायचंय मला, मला नाय का दिसत? त्यासाठी चित्र कशाला पायजे?" कागद त्यांनी ताईपुढं धरला. "सूनबाई, तुमचा हात फिरवा जरा. यांनी उभं केलंय नीट, पन जीव नाय आला."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. तिनं तो होकार धरला असावा. तिनं माझा ब्रश घेतला, ट्यूबमधला हिरवा रंग पाण्यात न कालवता तसाच उचलला आणि माझ्या काळ्या फांद्यांवर ठिपके द्यायला सुरुवात केली. रांगोळीत रंग भरावा तसे, जाड, एकसारखे. त्यातच पिवळे गोळे, रव्याच्या लाडवाएवढे. माझ्या सगळ्या भेगा झाकल्या गेल्या. ती भराभर काढत होती, कुठं पालवी यायची आणि कुठं फळ लागायचं हे तिला सांगावं लागत नव्हतं. चित्र म्हणून बघितलं तर वाट लागली होती. मला तिच्या हातातून ब्रश हिसकावून घ्यावासा वाटत होता.

मामा तिच्या खांद्यावरून बघत होते. "हां," ते म्हणाले. "इथं. इथं लई लागायची." फेट्याचा सोगा त्यांनी डोळ्यांना लावला आणि लहान मुलासारखे रडले, उघडपणे, आम्हा दोघींसमोर. ताईही रडली. मी ब्रश धुवायला पाणी शोधत राहिले, तिथं पाणी कुठलं असणार.

ते चित्र बैठकीत मधोमध लागलं. ताईची खोली कायम राहिली, कडीसकट. उलट आता तिच्या मोठ्या मनाची गोष्टही त्या चित्राबरोबर सांगितली जाते आणि त्या गोष्टीत मी पाहुणी असते. जीपमधून परत येताना ताई मला म्हणाली होती, "मी सांगितलं ना त्यांना? तुझ्यासमोर सांगितलं." सांगितलं होतं. तिच्यावर ठेवायला माझ्याकडं आता कसला ठपकाही उरलेला नव्हता.

आयुष्यभर चित्रं काढली. माझं चित्र बघून माणूस रडलेला मी एकदाच पाहिला, आणि तो तिनं मारलेल्या ठिपक्यांसाठी रडला.